फळ्यावरची नावं

पत्रात स्वच्छ लिहिलं होतं:
चोवीस महिने. शिका, आणि परत जा.
मी दोन्ही केलं.

जाताना अकरा वर्षांची सर्जन होते,
सीताबर्डीपासून सावनेरपर्यंत
माझे टाके घातलेली मनगटं हिंडत होती.
लीड्सला उतरले आणि पहिले तीन महिने
भिंतीला पाठ लावून उभी राहिले,
हात छातीशी धरून, कशाला न लावता,
लग्नघरी चुकून शिरलेल्या बाईसारखी.

रात्री खोलीवर
हातमोज्याच्या रबराला चीर पाडायची
आणि शिवायची. केसाहून बारीक दोरा.
श्वास सोडायचा, मग सुई.
श्वास सोडायचा, मग सुई.
बाहेर चारलाच अंधार पडलेला.
फोनवर मुलगा सांगायचा,
"आई, कूलरमध्ये चिमणीनं घरटं केलंय,
बाबा म्हणतात, पिल्लं उडेपर्यंत लावायचा नाही."
मी हीटरला पाय लावून
शेहेचाळीस डिग्रीतली ती पिल्लं मोजायची,
माझं धरून.

शिकले, नाही कसं?
मिलिमीटरभर रक्तवाहिनी, आठ टाके.
पण कुणी विचारलं, काय आणलंस तिकडून,
तर आधी फळाच आठवतो.
रोज सकाळी आठला, पांढऱ्या फळ्यावर
मोठ्या सरांचं नाव, भूल देणाऱ्या बाईंचं,
ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाचं,
एकाच पेनानं, एकाच मापात.
मृणालिनी त्यांना जमेना.
तीनदा चुकले.
चौथ्यांदा मला विचारून, एकेक अक्षर थांबून लिहिलं.

आता मे. लाकडगंजातल्या आरागिरणीतून
एक अंगठा आला
रसवंतीवाल्याच्या बर्फात, नुसता, उघडा,
कडेला लिंबाची साल चिकटलेली.
मी चिडले. मग गप्प झाले.
ज्यानं भर दुपारी गिऱ्हाईक उभं ठेवून
धंद्याचा बर्फ फोडून दिला
त्याला कधी कुणी सांगितलं होतं
आधी ओलं फडकं, मग पिशवी, मग बर्फ?

थिएटरात मायक्रोस्कोप तोच, मान टाकणारा.
आणि ती मान धरायला मामा.
मी गेले तेव्हाही तेच धरून होते.
म्हटलं, सुरू करण्याआधी
प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं.
रेसिडेंट हसला.
सिस्टर बावणे म्हणाल्या,
"मॅडम, आपण काय अनोळखी आहोत का?"
तरी सांगितलं सगळ्यांनी, हजेरी दिल्यासारखं.
मामांची पाळी आली.
त्यांनी वळून मागं पाहिलं. मागं ऑक्सिजनचा सिलिंडर होता.
"माहं काहून जी?"
सांगा ना.
मग मास्कच्या आतून, घसा खाकरून,
"अंताराम. अंताराम सोनबाजी नेवारे."

चौदा वर्षं मी या माणसाला
"मामा, लाइट" म्हणत आले होते.

पाच तास. श्वास सोडायचा, मग सुई.
एसी दोनदा गेला.
सिस्टर माझं कपाळ टिपत होत्या,
अंतारामजींचं कुणीच टिपत नव्हतं,
घाम हनुवटीपर्यंत आला
आणि मायक्रोस्कोप केसभर हलला नाही.
क्लॅम्प काढला. अंगठा पांढरा.
मिनिटभर पांढराच.
कोण बोलणार?
मग नखाच्या मुळाशी काहीतरी झालं,
कोवळं, जेमतेम,
रंग म्हणावा की नाही असं.
टिकेल का, ते पाचव्या दिवशी कळेल.

नोट लिहायला बसले. सर्जन, भूलतज्ज्ञ,
सहाय्यक एक, सहाय्यक दोन.
दोनच्या पुढे पेन जरा थांबलं, मग लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डातले बाबू
फाइल घेऊन दारात:
"मॅडम, हे डॉक्टर नेवारे कोण?
तिकडून आणले का?"